इतिहासाला बाकीची सामाजिक शास्त्रं नेमकी कुठे लागतात? सुप्याच्या दंग्याचं उदाहरण

प्रश्न एम.ए. इतिहासाच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: "इतिहासाचा इतर सामाजिक शास्त्रांशी असलेला संबंध स्पष्ट करा, हे दरवर्षी विचारलं जातं. उत्तर पाठ आहे. पण प्रत्यक्ष संशोधनात हा संबंध कुठे येतो? की तो परीक्षेपुरताच आहे?"

ते उत्तर मलाही तोंडपाठ आहे. इतकी वर्षं उत्तरपत्रिका तपासल्यावर कुणालाही होईल. भूगोल आणि कालगणना हे इतिहासाचे दोन डोळे. अर्थशास्त्रामुळे आर्थिक इतिहास कळतो, राज्यशास्त्रामुळे राजकीय, समाजशास्त्रामुळे सामाजिक. प्रत्येकी एक परिच्छेद लिहायचा आणि शेवटी 'अशा प्रकारे इतिहास हा सर्व शास्त्रांचा पाया आहे' म्हणून मोकळं व्हायचं. गुण मिळतात. पण या उत्तराच्या जोरावर दप्तरखान्यातला एक कागदही वाचता येत नाही, कारण त्यात सगळी शास्त्रं लग्नातल्या ग्रुप फोटोसारखी ओळीत उभी असतात आणि कुणी कुणाशी भांडत नाही. प्रत्यक्षात ती चांगलीच भांडतात. संशोधनात बराचसा उजेड पडतो तो या भांडणांमुळेच.

ते कसं, हे सांगायला एकच घटना घेतो. शाळेच्या पुस्तकात 'दख्खनचे दंगे' म्हणून दोन ओळींत उरकतात ती.

बुधवार, १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे, तेव्हा भीमथडी तालुक्यात, आज बारामती तालुक्यात. बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि गुजर-मारवाडी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. मागणी एकच: वह्या आणि कर्जरोखे बाहेर काढा. मिळाले ते जाळले. धान्याची दुकानं लुटली, काही घरांना आगी लावल्या. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसेक गावांत पोचलं. सरकारने लष्कर आणलं, धरपकड केली आणि नंतर चौकशी आयोग नेमला. त्या आयोगाचा अहवाल १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. आज आपल्याला या घटनेबद्दल जे माहीत आहे त्यातलं बरंचसं त्या अहवालातून आणि त्याला जोडलेल्या साक्षींतून आलेलं आहे.

आता कारण शोधू. सगळ्यात सोपं उत्तर अर्थशास्त्राकडून येतं आणि ते ऐकायला झकास आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकन कापूस थांबला, हिंदुस्थानी कापसाचे भाव कडाडले. सावकाराने हात सैल सोडला, शेतकऱ्याने कर्ज काढलं. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, सावकाराने हात आखडला आणि दंगा झाला. मागणी, पुरवठा, पत, मंदी, सगळं जागच्या जागी बसतं.

इथे भूगोल मध्ये पडतो. कापसाचे खरे जिल्हे खानदेश आणि वऱ्हाड. भीमथडी, इंदापूर, शिरूर, पारनेर, श्रीगोंदा हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. लोणावळ्याला पाऊस नको म्हणेपर्यंत पडतो आणि शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला बारामती-दौंडकडे वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास. तिथली पिकं ज्वारी आणि बाजरी. कापूस होता, पण त्या भागाचं जगणं त्याच्यावर बेतलेलं नव्हतं. मग कापसाचा भाव पडला तर दंगा कापसाच्या खानदेशात व्हायला हवा. तो झाला बाजरीच्या भीमथडीत.

म्हणजे अमेरिकन युद्धाचा संबंधच नव्हता का? होता, पण वाट वेगळी होती. त्या दशकात मुंबईत पैसा खेळत होता. भोरघाटातून जाणारी रेल्वे १८६३ साली सुरू झाली. लोहमार्गाच्या आणि इतर बांधकामांवर मजुरी मिळत होती, धान्याचे भाव चढे होते. पत वाढली ती या सगळ्यामुळे. कापूस त्या तेजीतला एक धागा. ही दुरुस्ती भूगोलाने सुचवली आणि ती अर्थशास्त्राच्या भाषेतच मांडावी लागली. 'भूगोल हा इतिहासाचा डोळा' या वाक्यात हे काहीच दिसत नाही.

मग इतिहासाचं म्हणून काय उरलं? तारीख. युद्ध १८६५ ला संपलं, दंगा १८७५ ला झाला. मधली दहा वर्षं कुठल्याही सूत्रात आपोआप बसत नाहीत, ती एकेक करून भरावी लागतात. १८६७ पासून इंदापुरापासून सुरुवात करून तीस वर्षांनी साऱ्याची, म्हणजे जमिनीवरच्या सरकारी कराची, फेरआकारणी सुरू झाली आणि काही तालुक्यांत सारा निम्म्याने किंवा त्याहूनही जास्त चढला. तो चढवताना गृहीत धरलेले भाव तेजीतले होते. १८७० नंतर भाव उतरले, सारा तसाच राहिला. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावात एका सावकाराने तिथल्या देशमुखाविरुद्ध कोर्टाचा हुकूमनामा मिळवून त्याचं राहतं घर पाडायला घेतलं आणि गाव बिथरलं. तिथून बहिष्कार सुरू झाले. मे महिना म्हणजे पेरणीच्या तोंडाशी. बियाणं आणि खावटी याच वेळी उचलावी लागते आणि त्या वर्षी सावकार द्यायला तयार नव्हते. आता दंगा मे महिन्यात आणि बाजाराच्या दिवशी का झाला, हे समजायला लागतं. मंदीचा सिद्धांत मंदी सांगेल, महिना सांगणार नाही.

आता साऱ्याबद्दल थोडं थांबून बोलतो, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे आणि ते कुठल्या गाइडमध्ये मी पाहिलेलं नाही.

पेशवाई १८१८ ला बुडाली. पुण्याच्या मुलखात सारा किती घ्यायचा हे ठरवायचं काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याकडे आलं. हा हेलिबरीच्या ईस्ट इंडिया कॉलेजात शिकलेला. तिथे अर्थशास्त्र शिकवायला होते माल्थस. रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचा खंडाचा सिद्धांत त्या काळात अगदी ताजा होता. जमिनीच्या एकूण उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा केला की उरतं ते निव्वळ उत्पन्न. हा उरलेला भाग जमिनीच्या कसामुळे मिळतो, कष्टामुळे नव्हे. म्हणून त्यावर कर बसवला तर शेतीचं नुकसान होत नाही. प्रिंगलने हे पुण्यात प्रत्यक्ष राबवायचं ठरवलं. १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात शेताशेताची मोजणी, प्रत्येक प्रकारच्या जमिनीचं पीक, बैल, औतं, बियाणं, मजुरी यांचा हिशेब, आणि निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारचे. कागदावर सगळं निर्दोष.

गावात ते कोसळलं. एवढे हिशेब खरे मिळायचे तर खालच्या कारकुनापासून पाटलापर्यंत सगळ्यांनी खरं सांगायला हवं आणि तसं सांगण्यात कुणाचाच फायदा नव्हता. पैसे चारून जमिनीची प्रत बदलून घेतली गेली. पाऊस आणि भाव यांनी उरलेलं काम केलं. सारा थकला, जमिनी पडीक पडल्या, माणसं निजामाच्या हद्दीत निघून गेली. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासून नव्याने सुरुवात केली आणि निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडून दिला. जमिनीची प्रत आण्यांत लावायची, मागची वसुली किती झाली ते पाहायचं, बाजार किती लांब ते पाहायचं, आणि अंदाजाने आकार ठरवून तो तीस वर्षं कायम ठेवायचा. त्यांनी घडवलेली पद्धत पुढे मुंबई इलाखाभर गेली. तुमच्या घरी सातबारा असेल तर काढून बघा. 'आकारणी' नावाचा रकाना आणि त्यात रुपये-पैशांत एक किरकोळ आकडा असेल. तो या वंशातला आहे.

हे इतकं सविस्तर सांगतोय ते का? १८३० सालचं पुण्याचं जमाबंदीचं दप्तर उघडलं तर जमिनीच्या प्रती आणि उत्पन्नाचे आकडे दिसतात. नवखा अभ्यासक ते आकडे घेऊन तक्ते करतो, 'त्या काळचं दर एकरी उत्पादन' काढतो. पण ते रकाने रिकार्डोचा सिद्धांत डोक्यात असलेल्या माणसाने आखलेले आहेत. कुणब्याच्या घरची बायकामुलं राबतात, ती मजुरी 'खर्चा'त किती धरायची हा प्रश्न त्या रकान्यांच्या आखणीतच निकालात निघालेला आहे. तेव्हा अर्थशास्त्र आपण नंतर बाहेरून आणून लावत नाही, ते आपल्या साधनात आधीच मुरलेलं असतं. ते ओळखायला अर्थशास्त्राचा इतिहास यावा लागतो. १८७२ च्या पहिल्या शिरगणतीतल्या जातींच्या याद्यांचंही तसंच. त्या याद्या त्या वेळच्या मानववंशशास्त्रीय कल्पनांनी आखल्या गेल्या आणि आज आपण त्यांच्यावर समाजशास्त्र उभं करतो.

संख्याशास्त्राचं एक छोटं उदाहरण याच अहवालातलं. आयोग म्हणतो की पाहणीतल्या गावांत सरकारी जमीन कसणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश खातेदार कर्जात बुडालेले आहेत आणि त्यांचं कर्ज सरासरी साऱ्याच्या १८ पट आहे. हा आकडा शंभर ठिकाणी उद्धृत होतो. त्याला दोन साधे प्रश्न विचारायचे. गावं किती पाहिली? मोजकीच. आणि १८ पट कशाच्या? साऱ्याच्या. उत्पन्नाच्या नव्हे. सारा उत्पन्नाच्या मानाने किती होता हे कळल्याशिवाय १८ पट म्हणजे डोंगर की टेकडी हे सांगता येत नाही. शिवाय उरलेल्या दोन तृतीयांशांचं काय, हे सहसा कुणी विचारत नाही. नील चार्ल्सवर्थ या इतिहासकाराने १९७२ साली नेमका हाच सूर लावला: दंगे सांगितले जातात तेवढे मोठे नव्हते, सावकारांच्या घशात जमिनी गेल्याचं चित्र फुगवलेलं आहे. रविंदर कुमार यांनी त्याआधी, १९६८ मध्ये, रयतवारीमुळे, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून घेण्याच्या पद्धतीमुळे, गावगाडा मोडला आणि वाणी-सावकार वरचढ झाला, असं मांडलं होतं. मला स्वतःला चार्ल्सवर्थचे आकडे पटतात आणि त्याचा निष्कर्ष पटत नाही. दंगा तीसच गावांत झाला म्हणून तो किरकोळ ठरत नाही. उरलेल्या गावांतल्या सावकारांनी त्या पावसाळ्यात कर्ज देताना काय विचार केला असेल, हे गावांची संख्या मोजून कळणार नाही.

कायद्याचा भाग लवकर सांगतो, पण तो सोडू नका. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू चांगला होता, व्याज साठत जाऊ नये म्हणून. झालं उलटंच. दर तीन वर्षांनी सावकार जुनं मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेऊ लागला आणि त्या सगळ्यावर पुन्हा व्याज. अशा रोख्यात लिहिलेली रक्कम आणि कुणब्याच्या हातात कधी काळी पडलेले पैसे यांचा फारसा मेळ नसतो. लिहिणारा सावकाराचा माणूस, खाली कुणब्याची निशाणी नांगराची. नांगराचं ते छोटं चित्र म्हणजे त्याची सही. वर काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नाही आणि दिवाणी कोर्टात तोच कागद पुरावा. बऱ्याच दाव्यांत कुणबी कोर्टात जातच नसे, एकतर्फी हुकूमनामा होई. दंगेखोर कागदाच्याच मागे का लागले, हे कायदा समजून घेतल्याशिवाय कळत नाही. आयोगानेही नोंदवलं आहे की जिथे सावकाराने रोखे मुकाट्याने हवाली केले तिथे सहसा पुढे काही झालं नाही.

आता समाजशास्त्राकडे येऊ. त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे: ज्या गावांत ब्राह्मण आणि मारवाडी असे दोन्ही सावकार होते तिथे बहुधा मारवाड्याला आणि गुजरालाच झळ लागली. निव्वळ अर्थशास्त्र इथे गप्प बसतं. कर्ज ते कर्ज आणि व्याज ते व्याज. गावातला ब्राह्मण सावकार काही धर्मादाय करत नव्हता. फरक होता गावातल्या जागेचा. कुलकर्णी किंवा जोशी म्हणून त्याचं गावाशी वतनाचं नातं होतं, गावच्या देवाच्या उत्सवात त्याला मान होता. मारवाडी बाहेरून आलेला, गावाच्या सोयऱ्याधायऱ्यात नाही, बलुत्याच्या देवघेवीत नाही. त्याला हात लावणं गावाला सोपं गेलं. आजच्या वाचकाला यातून 'परप्रांतीय' वगैरे शब्द लगेच सुचतील. जरा आवरा. ते शब्द आजच्या राजकारणाचे आहेत, १८७५ च्या गावाला ते चिकटवले की आपण त्या गावाकडे बघायचं थांबवतो.

बहिष्काराची हत्यारं काय होती ते बघा. इंदापूर तालुक्यातल्या कळस गावाने लेखी करार केला. जो गुजरांची जमीन करील किंवा चाकरी धरील त्याला जातीच्या पंगतीत घ्यायचं नाही, त्याच्याशी सोयरीक करायची नाही. इतर ठिकाणी बलुतेदारांनी सावकारांचं काम थांबवलं. हे शेतकरी संघटनेचं भाषण नाही. जातीतून वाळीत टाकण्याची जुनी रीत जातीबाहेरच्या माणसावर वळवलेली आहे. या करारात 'वर्गसंघर्ष' वाचणारे आहेत आणि 'जातीची एकी' वाचणारेही आहेत. माझं म्हणणं, दोन्ही आहे, पण वर्गाचं भांडण जातीच्या हत्याराने लढलं गेलं. तसं लढल्यामुळे त्याला मर्यादाही पडली, कारण गावातल्या ज्यांच्याकडे जमीनच नव्हती आणि पंगतीत ज्यांची जागा आधीच बाहेर होती, त्यांना या करारात बोलायला वाव नव्हता. महारवाड्याने या दंग्याकडे कसं पाहिलं असेल, हे विचारायला मानवशास्त्राने शिकवलं. अहवाल ते स्वतःहून सांगत नाही.

अफवेची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दंग्याच्या दिवसांत गावोगाव एक बातमी फिरत होती. कुणा इंग्रज साहेबाची मालमत्ता मारवाड्याच्या कर्जापायी लिलावात गेली, त्याने थेट राणीकडे दाद मागितली, आणि राणीचा हुकूम आला की मारवाड्यांनी रोखे परत करावेत. अर्थातच असं काही घडलेलं नव्हतं. जुन्या पद्धतीचा इतिहासकार ही अफवा 'अडाणी लोकांचा गैरसमज' म्हणून सोडून देईल. पण सामाजिक मानसशास्त्र विचारतं की लोकांनी ही अफवा का उचलली, दुसरी का नाही. अफवेत सरकार आपल्या बाजूचं आहे. रोखे जाळणारा माणूस स्वतःच्या मनाशी कायदा मोडत नव्हता, राणीचा हुकूम बजावत होता. १७८९ च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या खेड्यांत पसरलेल्या अफवांवर जॉर्ज लफेव्र यांनी १९३२ साली असंच काम केलं. आणि ई. पी. थॉम्पसन यांनी अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या धान्याच्या दंग्यांबद्दल दाखवलं की जमावाच्या डोक्यात न्याय्य काय याची ठाम कल्पना असते, दंगा म्हणजे पोटातल्या भुकेचा नुसता झटका नव्हे. हे वाचून सुप्याकडे परत आलं की जमावाची शिस्त नजरेत भरते. पण थॉम्पसनची कल्पना जशीच्या तशी उचलून चालत नाही. तिकडे भांडण पाव आणि धान्याच्या भावाचं होतं, इकडे कागदाचं. तिकडे पूर्वी सरकारच भाव बांधून देत असे, त्याची आठवण लोकांना होती. इकडे अशी आठवण कशाची होती, पेशवाईतल्या वसुलीच्या रीतीची की गावपंचायतीच्या निवाड्याची, हे वेगळं शोधावं लागतं. उसनी कल्पना अशीच वापरायची: ती जिथे बसत नाही तिथे बोट ठेवायचं आणि तिथूनच खणायचं.

राज्यशास्त्राला मी या प्रकरणात एवढाच प्रश्न विचारीन की तीसेक गावांच्या दंग्यासाठी सरकारने एवढी धावपळ का केली. १८५७ ला अजून वीस वर्षं झाली नव्हती. आयोगातल्या ऑकलंड कॉल्व्हिन यांनी स्वतंत्र टिपण लिहून सारापद्धतीवरच बोट ठेवलं, ते मुंबई सरकारला मानवणारं नव्हतं. सावकाराला दोषी धरणं त्यापेक्षा सोयीचं होतं. मग १८७६-७८ चा दुष्काळ पडला, १८७९ मध्ये याच मुलखात वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं, आणि त्याच वर्षी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी.

त्या कायद्यातली एक तरतूद इतिहासाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावी. कर्जाच्या दाव्यात न्यायाधीशाने रोख्यावर विसंबून निकाल द्यायचा नाही. व्यवहार पहिल्यांदा सुरू झाला तिथपासून त्याचा इतिहास तपासायचा, मुद्दल किती, व्याज किती हे वेगळं काढायचं. म्हणजे कोर्टाला इतिहासकाराचं काम लावून दिलं. या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून पुढे काम केलं ते महादेव गोविंद रानडे यांनी. त्यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. इंग्लंडमध्ये रचलेले अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना, सर्व काळी लागू पडतात हे त्यांनी नाकारलं. ते नियम विशिष्ट समाजाची विशिष्ट स्थिती गृहीत धरतात आणि ती स्थिती इथे नाही. या व्याख्यानाकडे जर्मन ऐतिहासिक अर्थशास्त्राचा प्रभाव म्हणून पाहतात. तो आहेच. पण ज्या मुलखात प्रिंगलने रिकार्डो राबवून पाहिला, त्याच मुलखातल्या कुणब्यांचे रोखे वर्षानुवर्षं नजरेखालून घातलेला माणूस हे बोलतोय, हेही लक्षात ठेवा. मराठी सत्तेच्या उदयावरचं त्यांचं पुस्तक १९०० सालचं. न्यायाधीश, अर्थतज्ज्ञ आणि इतिहासकार यांतला कोणता रानडे कुठे संपतो हे मला तरी सांगता येणार नाही.

तेव्हा इतिहास बाकीच्या शास्त्रांकडून प्रश्न घेतो, हे खरं. पण परत काय देतो? 'हे कुठे आणि कधी खरं?' हा प्रश्न. प्रिंगलला तो कुणी विचारला नाही, पुणे जिल्ह्याने त्याची किंमत मोजली. हा प्रश्न विचारायचा हक्क इतिहासाला मिळतो तो तपशिलांमुळे. तपशील कच्चा असेल तर कुणी ऐकून घेणार नाही, आणि घेऊही नये.

आपल्याकडे हे नवीन नाही. १९२९ मध्ये फ्रान्समध्ये मार्क ब्लॉक आणि ल्युसियाँ फेव्र यांनी 'अनाल' नियतकालिक काढलं, तिथून आंतरविद्याशाखीय इतिहास सुरू होतो, असं शिकवतात. त्यांचं काम मोठंच आहे. पण इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे त्याआधीच कागदपत्रांतून उठून विवाहसंस्थेच्या इतिहासाकडे वळले होते. त्यांचे कित्येक निष्कर्ष आज टिकत नाहीत, प्रश्न मात्र समाजशास्त्राचे होते. इरावती कर्वे डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र शिकवत आणि पुरातत्त्वज्ञ सांकलियांबरोबर गुजरातेत लांघणजच्या उत्खननाला जात. दा. ध. कोसंबी मूळचे गणिती. आहत नाणी (ठसे मारलेली प्राचीन नाणी) वापरात झिजतात, म्हणजे वजन घटतं, म्हणजे एका ढिगातल्या नाण्यांच्या वजनावरून ती किती काळ फिरली याचा संख्याशास्त्रीय अंदाज येतो, हे त्यांनी तक्षशिलेच्या नाण्यांवर करून दाखवलं. आणि हाच माणूस पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवत देवीची ठाणी आणि तिथे सापडणारी सूक्ष्म दगडी हत्यारं यांची सांगड घालत होता. नाणं वजनकाट्यावर ठेवायचं, हे त्यांना इतिहासाच्या एम.ए.ने शिकवलं नसतं.

इतिहास स्वतः सामाजिक शास्त्र आहे की मानव्यविद्या, हा दुसरा आवडता वाद. विद्यापीठाच्या कार्यालयाला त्याचं उत्तर लागतं, कारण विभाग कुठल्या इमारतीत बसवायचा हे ठरवायचं असतं. सुप्याचे कागद वाचताना मला ते कधी लागलेलं नाही.

आता तुमच्या कामाचं. परीक्षेत हा प्रश्न आला तर सात शास्त्रांचे सात परिच्छेद लिहू नका. एक घटना घ्या आणि त्यात दोन शास्त्रांची उत्तरं कुठे जुळत नाहीत ते दाखवा. तपासणारा जागा असेल तर गुण जास्तच देईल. झोपलेला असेल तर सात परिच्छेदांनाही ठरलेलेच गुण मिळतात.

प्रबंधासाठी क्रम असा ठेवा. आधी निव्वळ तारखांची यादी, कुठलाही सिद्धांत न लावता: पाऊस, भाव, साऱ्याचे हुकूम, कायदे, तंटे. मग नकाशा, त्यावर पीक आणि पाऊस. त्यानंतरच अर्थशास्त्राचं किंवा समाजशास्त्राचं पुस्तक उघडा आणि त्यातला एकच प्रश्न उचला. मोडी येत नसेल तर आधी ती शिका. इंग्रजी अहवालात कुणबी बोलतो तो दुभाष्या आणि कारकून अशा दोघांच्या तोंडून. आणि विषय शोधत असाल तर सुप्याच्या मागे लागू नका, तिथे गर्दी आहे. १८७९ च्या कायद्यानंतर सावकारांनी गहाणखत सोडून सरळ खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली, पैसे फेडलेस की जमीन परत देतो असं तोंडी सांगून. तुमच्या तालुक्यातल्या एखाद्या गावात १८८० ते १९०० या काळात खरेदीखतं एकाएकी वाढलेली दिसतात का, आणि विकणारा त्याच शेतात पुढेही राबताना दिसतो का, एवढं तपासलंत तरी दोन वर्षांचं काम आहे. त्यात अर्थशास्त्रही लागेल, कायदाही लागेल, आणि गावात जाऊन म्हाताऱ्या माणसांशी बोलावंही लागेल.